भाकरीतले लोह कोण ठरवते?

माण तालुक्यातून आलेली ती मुलगी पाच महिन्यांची गरोदर होती. हिमोग्लोबिन ७.४ आले, म्हणून स्त्रीरोग विभागाने तिला माझ्याकडे पाठवले होते. सोबत सासूबाई. मी नेहमीचे प्रश्न विचारले. जंतांचे औषध घेतले का, लग्नाआधी पाळीत रक्तस्राव जास्त व्हायचा का, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, जेवणात काय असते. गोळ्यांचा विषय निघताच सून खाली बघू लागली. मळमळते म्हणून त्या डब्यातच पडून होत्या. जेवणाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सासूबाईंनी ठसक्यात दिले. "बाजरीची भाकरी खातो की आमी, म्याडम. घरच्या रानातली. पोरीला खाण्यापिण्याचं काय कमी न्हाई."

बाजरीत लोह असते, हे आम्ही डॉक्टरच वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. त्या दिवशी मात्र मी एक असा प्रश्न विचारला, जो तीस वर्षांत कुठल्याही रुग्णाला विचारला नव्हता. "बियाणं कोणतं पेरलं होतं?"

सासूबाईंनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले. "दुकानातनं पिशवी आणली. नाव कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय?"

प्रश्न विचारण्याचे कारण होते. सगळी बाजरी लोहाच्या बाबतीत सारखी नसते. काही वाणांच्या दाण्यांत किलोमागे पंचवीस-तीस मिलिग्रॅम लोह असते, तर काहींत नव्वद. दिसायला दोन्ही दाणे सारखेच राखाडी, भाकरीची चवही सारखीच. हिशेब करून पाहू. दिवसाला तीन भाकरी म्हणजे साधारण २०० ग्रॅम पीठ. किलोमागे ४२ मिलिग्रॅम लोहाची बाजरी असेल, तर त्यातून ८.४ मिलिग्रॅम लोह पोटात जाते. ७१ मिलिग्रॅमची असेल, तर १४.२. प्रौढ स्त्रीसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये शिफारस केलेले प्रमाण दिवसाला २९ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तेवढ्याच भाकऱ्या खाऊन एका घरातल्या बाईची निम्मी गरज भागते, तर दुसऱ्या घरातल्या बाईची एक तृतीयांशसुद्धा नाही. दोघींच्या ताटात फरक काहीच नाही, तो बियाण्याच्या पिशवीत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. पाच वर्षांखालील मुलांत ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. गोळ्या वाटल्या, मोहिमा झाल्या, तरी आकडा वर गेला. मोजण्याच्या पद्धतीवर तज्ज्ञांत वाद आहेत, ते असोत. माणखटावचे रुग्ण साताऱ्याला येतात, जत-आटपाडीचे मिरजेला जातात, आणि मिरजेला मी विद्यार्थी असताना बाह्यरुग्ण विभागात दिसणारे पांढरेफटक चेहरे आजही तसेच दिसतात. एवढे सांगायला मला पाहणीची गरज नाही.

हे लिहायला निमित्त झाले ते तांदळाचे. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुकीय संपादन केलेल्या भाताच्या दोन वाणांची घोषणा केली, आणि तेव्हापासून रुग्ण, नातेवाईक, आमच्याच रुग्णालयातल्या परिचारिका मला विचारू लागल्या की हे खायचे का नाही. त्या भाताकडे मी नंतर येते. पण शेतीतली जनुकांची विद्या म्हणजे तेवढेच, असा समज झाला आहे. प्रत्यक्षात या विद्येचे बरेचसे काम गाजावाजा न होता चालले आहे आणि त्यात कुठलेही जनुक बदलले जात नाही. फक्त निवड होते. आमच्या दुष्काळी तालुक्यांशी त्याचा संबंध भातापेक्षा जास्त आहे.

बाजरीचीच गोष्ट घ्या. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या गावरान बाजरीपासून हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने एक वाण काढला. आयसीटीपी ८२०३ नावाने तो १९८८ मध्ये महाराष्ट्रात आला, आणि ठळक दाण्यामुळे आपल्याकडे रुजला. पुढे लोहाची मोजणी सुरू झाली, तेव्हा लक्षात आले की या वाणात मुळातच लोह बरे आहे, आणि त्याच्या एकाच शेतातल्या झाडाझाडांत फरकही आहे. मग जास्त लोहाची झाडे निवडून त्यांचा सुधारित वाण केला. तो 'धनशक्ती'. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या सहभागाने तो महाराष्ट्रात आला आणि २०१४ मध्ये देशभरासाठी प्रसारित झाला. लोह किलोमागे ७१ मिलिग्रॅम, जस्त ४०, आणि उत्पन्न मूळ वाणापेक्षा ११ टक्के जास्त. भरपूर लोहासाठी मुद्दाम तयार करून शेतकऱ्यांपर्यंत पोचलेला हा देशातला पहिला बाजरीचा वाण. यात डीएनएची तपासणी वगैरे काही नव्हते. कणसे निवडा, दाणे तपासा, पुन्हा पेरा, हाच जुना मार्ग.

दाण्यातले लोह मोजणे वाटते तितके सरळ नसते. कणसावर शेतातली धूळ बसलेली असते, आणि आपल्या मातीत लोह भरपूर. धूळ राहिली की दाण्यात नसलेले लोह यंत्रात दिसते. म्हणून अॅल्युमिनियमही मोजतात. ते जास्त दिसले, तर नमुन्यात माती आहे असे समजायचे. मला हे वाचून आमच्या प्रयोगशाळेतले फुटलेल्या रक्तपेशींचे नमुने आठवले. त्यातही पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते.

धनशक्तीची एक मोठी सोय अशी, की हा वाण संकरित नाही. नीट निवड केली, तर शेतकरी घरचे बी पुन्हा पेरू शकतो. पण बहुतेक शेतकरी संकरित बाजरी पेरतात, कारण उत्पन्न जास्त येते. मग संकरित वाणातच जास्त लोह का आणू नये? इथे खरी अडचण सुरू होते. दोन वेगळ्या वाणांचा संकर केला की संततीला जोम येतो, कणीस आईबापांपेक्षा मोठे होते. लोहाच्या बाबतीत असा जोम दिसत नाही. संकराच्या दाण्यात लोह साधारण आई आणि बाप यांच्या मधोमध राहते. म्हणजे संकरित वाणात लोह भरपूर हवे असेल, तर दोन्ही बाजूंच्या पालकवाणांत ते आधी आणावे लागते, आणि दोघांचे बाकीचे गुण न बिघडवता. जुन्या पद्धतीने यात पिढ्यान्‌पिढ्या जातात. डीएनए तपासणीचे काम आहे ते इथे.

ते काय करतात, हे मी आमच्या भाषेत सांगते. आमच्याकडे गरोदर स्त्रीची थॅलेसेमियाची तपासणी होते. नवरा-बायको दोघेही वाहक निघाले, तर बाळ जन्मण्याआधीच गर्भाचा डीएनए पाहून आजार आहे का ते कळू शकते. बाळ आजारी पडेपर्यंत थांबावे लागत नाही. पैदासकार तेच रोपावर करतो. शेकडो रोपांच्या कोवळ्या पानांचे तुकडे घेतो, त्यातला डीएनए काढतो, आणि हव्या त्या जनुकाच्या शेजारची ओळखीची खूण कोणत्या रोपांत आहे ते पाहतो. खूण असलेली रोपे ठेवायची, बाकीची उपटून टाकायची. कणीस भरून दाणा तपासेपर्यंत थांबायचे नाही. एका हंगामाचे काम काही दिवसांवर येते.

या मार्गाने शेतकऱ्यांपर्यंत पोचलेल्या भारतातल्या सुरुवातीच्या वाणांमध्ये बाजरीचाच एक आहे. हरियाणात 'एचएचबी ६७' नावाचा लवकर येणारा संकरित वाण लोकप्रिय होता. त्यावर गोसावी रोग पडू लागला. हा रोग माणच्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. कणसात दाण्यांऐवजी हिरवी पाने फुटतात, आणि कणीस जटा वाढल्यासारखे दिसते. शास्त्रज्ञांनी डीएनए खुणांच्या मदतीने पालकवाणांत रोगप्रतिकाराची जनुके आणली, आणि २००५ मध्ये सुधारलेला वाण प्रसारित झाला. यात बाहेरचे कुठलेही जनुक घातलेले नाही. सगळी देवाणघेवाण बाजरी ते बाजरी.

असेच काम आमच्या सातारा जिल्ह्यातही झाले आहे. वनस्पतीवर नव्हे, मेंढीवर. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या छोट्या गरोळ मेंढीशी आपल्या दख्खनी मेंढीचा संकर केला. गरोळ मेंढीत एक जनुकबदल असतो, त्यामुळे तिला जुळी कोकरे होतात. २००१ मध्ये या जनुकाचा नेमका शोध लागला आणि थेंबभर रक्तावरून कोणत्या मेंढीत तो आहे हे ठरवता येऊ लागले. त्यातून संस्थेची 'सुवर्णा' मेंढी तयार झाली. आपल्या धनगराच्या वाड्यावर डीएनए चाचणीचा माणसाआधी मेंढीला उपयोग झाला, ही गंमत मला फार आवडते. (हाच जनुकबदल ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढ्यांतही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो तिकडे पोचला.)

मेंढीचे काम सोपे होते, कारण जनुक एकच. थॅलेसेमियाचेही तसेच. लोह मात्र एका जनुकाचे काम नाही. मुळाने मातीतून किती ओढले, पानातून दाण्यात किती गेले, दाण्याने किती साठवले, यावर कितीतरी जनुकांचा थोडाथोडा प्रभाव असतो. माणसाच्या मधुमेहासारखे किंवा उंचीसारखे. अशा वेळी एक खूण पाहून भागत नाही. तेव्हा झाडाच्या सगळ्या डीएनएवर पसरलेल्या हजारो खुणा एकदम वाचतात. आधी काही शे झाडांच्या खुणाही वाचतात आणि त्यांच्या दाण्यांतले लोहही मोजतात. दोन्हींची सांगड घालून संगणक हिशेब बसवतो. नंतर न मोजलेल्या झाडाच्या फक्त खुणा वाचून त्याच्यात लोह किती असेल याचा अंदाज बांधतात. ही पद्धत २००१ मध्ये तिघा पशुपैदास तज्ज्ञांनी मांडली. आज मोठ्या शहरांत हृदयविकाराचा जनुकीय धोका सांगणाऱ्या ज्या महागड्या चाचण्या विकल्या जातात, त्यांचा हिशेब याच घराण्यातला आहे. आम्ही डॉक्टरांनी तो गाईगुरांच्या पैदाशीतून उचलला, पण तसे कुणी सांगत नाही. उलट झाडाच्या बाबतीत तो जास्त चालतो, कारण अंदाज चुकला तर झाड उपटून टाकता येते.

या हिशेबाला लागणारी मूळ वही, म्हणजे बाजरीचा संपूर्ण जनुकीय आराखडा, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. इक्रिसॅटसह अनेक देशांतल्या संस्थांनी मिळून तो केला. साधारण १७९ कोटी अक्षरांचा मजकूर, ३८ हजारांहून अधिक जनुके. माणसात जनुके वीस हजारांच्या आसपास आहेत. बाजरीचे कणीस आपल्यापेक्षा गुंतागुंतीचे असावे, हे पचायला थोडे जड जाते. त्याच कामात ९९४ वाणांचा डीएनए वाचून त्यांच्यातले फरक नोंदवले गेले.

दरम्यान संकरित वाणांतही लोह आले आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर 'एएचबी १२००' काढला, त्यात लोह किलोमागे ७३ मिलिग्रॅम. नंतरच्या 'एएचबी १२६९'मध्ये ९१. राहुरी विद्यापीठाच्या धुळे केंद्राचा 'फुले महाशक्ती', ८७. आणखी एक गोष्ट झाली, जी माझ्या मते या सगळ्या वाणांपेक्षा महत्त्वाची आहे. २०१८ पासून बाजरीचा नवा वाण राष्ट्रीय चाचण्यांत पुढे सरकायचा असेल, तर किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असलेच पाहिजे, अशी अट घातली गेली. जगात अशी अट घालणारे हे पहिलेच उदाहरण मानले जाते. ४२ हा काही मोठा आकडा नाही, पण तळ ठरला. त्याखाली घसरायचे नाही.

पण लोह दाण्यात आहे म्हणजे रक्तात गेले का? डॉक्टर म्हणून मला रस आहे तो यात. याचा अभ्यास आपल्याच राज्यात झाला आहे. नगर जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळांतल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी आणि शेव दिली गेली. निम्म्यांची बाजरी जास्त लोहाची, निम्म्यांची साधी. कुणाला कोणती, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांच्या शरीरात सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या १.६४ पट होते. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन चौथ्या महिन्यातच वाढलेले दिसले. याच मुलांपैकी काहींच्या लक्ष देण्याच्या आणि स्मरणाच्या चाचण्या घेतल्या, त्यातही फरक दिसला. बेळगाव जिल्ह्यात लहान मुलांवर झालेल्या अभ्यासातही या बाजरीतले लोह शरीरात जास्त शोषले जाते असे दिसले.

याची दुसरी बाजूही आहे. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत दीड वर्षाच्या आतल्या मुलांना अशाच बाजरीचे पदार्थ नऊ महिने दिले गेले, तेव्हा एकूण गटात लोहाच्या स्थितीत फरक दिसला नाही. मला याचे फार आश्चर्य वाटत नाही. त्या वयाचे मूल घास-दोन घास खाते, आणि वस्तीतले जुलाब-ताप आतड्याला लोह शोषू देत नाहीत. शाळकरी मुलगा चार भाकऱ्या खातो. वाण तोच असला, तरी खाणारा तोच नसतो.

शिवाय बाजरीत फायटेट असते, ते लोहाला धरून ठेवते. खाल्लेल्या लोहापैकी आठ-दहा टक्के रक्तात गेले तरी पुष्कळ. भाकरीवर लगेच चहा प्यायला की तेही कमी होते. लिंबू पिळलेली पालेभाजी बरोबर असेल, तर वाढते. म्हणून स्पष्ट सांगते, ७.४ हिमोग्लोबिन असलेल्या गरोदर बाईवर भाकरी हा इलाज नाही. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. चांगल्या आणि साध्या बाजरीतला फरक दिवसाला सहाएक मिलिग्रॅमचा. ती गोळी रोज, सहा महिने घ्यायचीच. बाजरीचा उपयोग आहे तो तिच्या बारा वर्षांच्या नणंदेला, जिला अजून कुणी रुग्ण म्हणत नाही आणि जी रोज भाकरी खातेच.

मग हे बियाणे सगळीकडे का नाही? याचे उत्तर मला बाजरीपेक्षा गव्हात सापडले. सातारा जिल्ह्यातल्या करंजखोप या गावाचे नाव २०२१ मध्ये सरकारी प्रसिद्धीपत्रकात झळकले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा 'एमएसीएस ६४७८' हा गहू तिथल्या शेतकऱ्यांनी पेरला. आधी ते लोक १, एचडी २१८९ असे जुने वाण पेरायचे, हेक्टरी २५ ते ३० क्विंटल गहू निघायचा. नव्या वाणाने ४५ ते ६० क्विंटल निघू लागला. पीक ११० दिवसांत तयार होते, तांबेऱ्याला दाद देत नाही. याच गव्हात किलोमागे ४४.१ मिलिग्रॅम जस्त, ४२.८ मिलिग्रॅम लोह आणि १४ टक्के प्रथिने आहेत. पण कोणताही शेतकरी जस्तासाठी गहू पेरत नाही. त्याने पेरला तो उत्पन्नासाठी. जस्त त्याच्याबरोबर फुकट आले. म्हणून पोषण आणि उत्पन्न एकाच बियाण्यात बसवावे लागते, आणि दोन्ही एकदम सांभाळण्यासाठीच हजारो खुणांचा तो हिशेब लागतो. नुसते लोह वाढवायचे असते, तर धनशक्तीच्या मार्गानेही भागले असते.

बाजारात ज्वारी-बाजरीचा भाव रंगावर, दाण्याच्या ठळकपणावर ठरतो. आडतीवर लोहाचा भाव मिळत नाही. मग बियाणे कंपनीने त्यावर मेहनत का घ्यावी?

बाजरीची दुसरी खोड म्हणजे पीठ कडू होते. गिरणीतून दळून आणले की आठवड्याभरात वास बदलतो. म्हणून माणमधल्या बायका थोडे-थोडे दळतात, आणि म्हणूनच बाजरीचे पीठ साठवून अंगणवाडीला, शाळेच्या पोषण आहाराला पुरवणे अवघड जाते. याचे कारण दाण्यातल्या चरबीवर काम करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा दोन जनुकांचा माग लागला. ज्या वाणांत ती दोन्ही निसर्गतःच निकामी आहेत, त्यांचे पीठ जास्त टिकते. खुणा पाहून निवड करत ही निकामी जनुके चांगल्या वाणांत नेता येण्यासारखी आहेत. माझ्या मते बाजरीला शहरातल्या ताटात परत आणायला हे लोहापेक्षाही उपयोगी पडेल. पण वर्तमानपत्रात त्याची बातमी झालेली मला आठवत नाही.

आता तो भात. 'कमला' हा वाण हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने सांबा मसूरीपासून केला, 'पुसा डीएसटी राईस १' दिल्लीच्या संस्थेने. दोन्हींत भाताचेच एक जनुक नेमक्या जागी बंद केले आहे. बीटी कापसासारखे बाहेरच्या जिवाणूचे जनुक त्यात नाही. म्हणूनच केंद्राने मार्च २०२२ मध्ये अशा वाणांना जनुक-परिवर्तित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. बीटी वांग्यावर २०१० मध्ये स्थगिती आली, ते प्रकरण वेगळे. खाण्याच्या सुरक्षिततेबद्दल विचाराल, तर अशा भाताची मला वेगळी भीती वाटत नाही. एखादे जनुक बंद पडणे शेतात आपोआपही घडत असते. पण 'कमला'च्या उत्पन्नाच्या आकड्यांवर काही संघटनांनी आक्षेप घेतले, कृषी संशोधन परिषदेने ते फेटाळले. औषधाच्या चाचणीचे मूळ आकडे आम्ही मागतो, तसे बियाण्याचेही कुणालाही पाहता यावेत. नियमांतून सूट मिळाली म्हणजे आकडे झाकून ठेवायची मुभा मिळाली असे नव्हे.

आणि एक विसंगती मला खुपते. रक्तक्षयावर सरकारचे मोठे उत्तर होते रेशनच्या तांदळात कारखान्यात लोह मिसळणे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवायला मान्यता दिली. त्याला माझा विरोध नाही. पण जिथे लोक स्वतःच्या रानात बाजरी पिकवून खातात, तिथे आम्ही दुरून लोह घातलेला तांदूळ नेला, आणि त्या रानात पडणाऱ्या बियाण्यात लोह किती हे कुणी विचारत नाही. कृषी खाते उत्पन्न मोजते, आरोग्य खाते हिमोग्लोबिन. दोन्ही कार्यालये एकाच तालुक्याला असतात. माण, खटाव, जत, आटपाडी या चार तालुक्यांत तरी कृषी खात्याच्या प्रात्यक्षिकाच्या बियाण्यात किमान ७० मिलिग्रॅम लोहाचाच वाण द्यावा. त्यासाठी नवा शोध लागणार नाही, बियाणे आजच आहे.

ती मुलगी महिन्याने आली. लोहाची इंजेक्शने दिली होती, हिमोग्लोबिन ९.१ झाले होते. श्रेय इंजेक्शनचे, भाकरीचे नाही. सासूबाईंनी मात्र माझा प्रश्न लक्षात ठेवला होता. घरातल्या पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेली बियाण्याची रिकामी पिशवी त्या घेऊन आल्या होत्या. मी चष्मा लावून वाचली. कंपनीचे नाव, लॉट क्रमांक, उगवण ७५ टक्के, शुद्धता ९८ टक्के, शेवटची तारीख, किंमत.

"लोखंड कुठं लिवलंय ह्यात?" त्यांनी विचारले.

मी पिशवी उलटून मागची बाजूही पाहिली. मग केसपेपरच्या पाठीमागे तीन वाणांची नावे मोठ्या अक्षरांत लिहून दिली. त्यांनी कागद घडी घालून त्याच पिशवीत ठेवला आणि सुनेला पुढच्या खेपेला कोणत्या वारी आणायचे ते विचारले.